हॉस्पिटलवाले आईला ‘स्टडी’त घ्यायचं म्हणतात, सही करू का?

तुम्ही विचारलंय की आईला कॅन्सरच्या एका अभ्यासात घ्यायचं म्हणतायत, तर टीचिंग हॉस्पिटलं गरीब पेशंटवर प्रयोग करतात हे खरं का, आणि तुम्ही सही करावी का. आधी हे सांगते की सही तुमची नाही, आईची आहे. तिला सगळं कळतंय ना? मग ठरवणारही तीच.

हे इतकं ठासून सांगते कारण याच गोष्टीवरून आमच्या घरात अजून अबोला आहे.

आम्ही कळव्याचे. बाबा वागळे इस्टेटमध्ये कामाला होते आणि तंबाखू आयुष्यभर सुटली नाही. तोंडाचा कॅन्सर निघाला तेव्हा मुंबईतल्या एका मोठ्या टीचिंग हॉस्पिटलात केसपेपर काढला. तिथे एक अभ्यास चालू होता. नेहमीच्या उपचारांना आणखी एका औषधाची जोड दिली तर फायदा होतो का, हे बघायचं होतं. जास्तीचं औषध कुणाला द्यायचं हे कॉम्प्युटर ठरवणार, डॉक्टरच्या हातात काही नाही. को-ऑर्डिनेटर मुलगी समजावत होती आणि मी नुसती मान हलवत होते. बाबांनी मात्र चष्मा मागितला. ओपीडीबाहेरच्या बाकावर बसून ओळीखाली बोट धरत संमतीचा अख्खा फॉर्म वाचला आणि तिला विचारलं, “मधेच सोडलं तर माझे उपचार बंद करणार का?” ती नाही म्हणाली. “कुठे लिहिलंय, दाखव.” तिने ओळ दाखवली. बाबांनी तिथे पेनाने फुली मारली, मग प्रत्येक पानावर तारखेसकट सही केली.

बाबांच्या वाट्याला जास्तीचं औषध आलं नाही. काही काळ बरा गेला, मग गाठ परत आली आणि बाबा गेले. तेराव्याला काका सगळ्यांसमोर म्हणाले, “दादाला प्रयोगाला दिलंत आणि खरं औषध भलत्यालाच मिळालं.”

मला यातलं काहीच मान्य नाही. बाबांना आम्ही कुठेही दिलं नाही, ते स्वतः वाचून गेले. ऑपरेशन, रेडिएशन सगळं झालं. अभ्यासात नसते तरी हेच झालं असतं. आणि खरं औषध कोणतं हे आधीच माहीत असतं तर अभ्यास कशाला केला असता? तोंडाचा कॅन्सर लवकर सापडला तर मानेतल्या गाठी (लिम्फ नोड, ज्यांत तो पसरू शकतो) पहिल्याच ऑपरेशनला काढायच्या, की तिथे आजार दिसल्यावर, यावर सर्जन लोकांचं वर्षानुवर्षं एकमत नव्हतं. परळच्या टाटा हॉस्पिटलने 2004 पासून पेशंटचे दोन गट करून हे तपासलं. 2015 मध्ये निकाल छापून आला. आधीच गाठी काढलेल्यांपैकी तीन वर्षांनी 80 टक्के हयात होते, दुसऱ्या गटात 67.5 टक्के. बाबांच्या गाठी पहिल्याच ऑपरेशनला काढल्या, त्यामागे हा निकाल होता. त्या दुसऱ्या गटातही कुणाचे तरी वडील होते, आणि त्यांचे उपकार आमच्यावर आहेत.

नवीन ते चांगलं, हे तर काकांनी धरूनच ठेवलंय. 2021 च्या एप्रिलमध्ये कोव्हिड झालेल्या मेहुण्याला प्लाझ्मा, म्हणजे कोव्हिडमधून बऱ्या झालेल्यांच्या रक्तातला द्रव, मिळावा म्हणून हेच काका ठाण्यापासून पनवेलपर्यंत फोन फिरवत होते. आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेने 39 हॉस्पिटलांतल्या 464 पेशंटवर अभ्यास करून 2020 मध्येच दाखवलं होतं की प्लाझ्माने ना आजार बळावायचा थांबतो, ना मृत्यू कमी होतात. मे 2021 मध्ये तो उपचारांतून काढूनच टाकला. मी तेव्हाही सांगत होते, तर म्हणाले, तू डॉक्टर आहेस का?

बरं, तुमचं. अभ्यास कसला ते तुम्ही लिहिलंच नाही. टीचिंग हॉस्पिटलात बरेचसे अभ्यास एमडी करणाऱ्या डॉक्टरांच्या थिसिसचे असतात, त्यात बहुतेक वेळा रक्त घेतात, प्रश्न विचारतात, बास. औषधाची ट्रायल असेल तर सीटीआरआय, म्हणजे ट्रायलच्या सरकारी नोंदवहीतला, नंबर मागा. 2009 पासून ही नोंदणी सक्तीची आहे आणि नेटवर कुणालाही बघता येते. ट्रायलमुळे इजा झाली तर उपचार फुकट आणि नुकसानभरपाई, हे 2019 च्या नियमांत आहे. फॉर्मची प्रत घरी आणा, अभ्यासाला परवानगी देणाऱ्या एथिक्स कमिटीचा नंबर त्यातच असतो.

डोळे झाकून विश्वास ठेवा असं मात्र मी म्हणत नाही. तेव्हाच्या आंध्र प्रदेशातल्या खम्मम जिल्ह्यात 2009 मध्ये एचपीव्ही (गर्भाशयमुखाच्या कॅन्सरवरच्या) लशीच्या प्रकल्पात मुलींच्या फॉर्मवर वसतिगृहाच्या वॉर्डननी सह्या केल्या होत्या, आणि नियम कडक झाले ते असल्या प्रकारांवर आरडाओरडा झाल्यावरच. तेव्हा कुणी “लवकर करा, मागे रांग आहे” म्हणालं तर सही न करता घरी या, दुसऱ्या दिवशी जा.

आणि आई हो म्हणाली, तर घरात ज्याला हरकत आहे त्याने पुढच्या फॉलोअपला तिच्यासोबत जावं आणि डॉक्टरांना तोंडावर विचारावं. काकांना आम्ही बोलावलं होतं. फॉर्मची झेरॉक्सही दिली होती. ते आले नाहीत.