समरी सूट टाकली म्हणजे लगेच निकाल लागतो का?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: कोरुगेटेड बॉक्सचा माल दिला, ८ लाख ४० हजार अडकलेत, चलनांवर सही-शिक्का आहे, ४ लाखांचा एक चेक बाउन्स झालाय, पार्टी व्हॉट्सॲपवर "पुढच्या महिन्यात बघतो" म्हणतेय आणि वकील म्हणतात दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ऑर्डर ३७ खाली समरी सूट, म्हणजे झटपट चालणारा दावा टाकू, सहा महिन्यांत हुकूमनामा, म्हणजे कोर्टाचा निकाल. मी वकील नाही, पण उधारी वसुलीत बरीच वर्षं गेलीत आणि दिवाणी कोर्टाच्या व्हरांड्यात भरपूर बसलोय, त्यावरून लिहितो.

नेहमीच्या दाव्यात समोरच्याला कैफियत, म्हणजे लेखी उत्तर देऊन लढायचा हक्कच असतो, समरीत त्याला आधी कोर्टाकडे लढायची परवानगी मागावी लागते. मुख्य फरक हा. समन्स मिळाल्यापासून १० दिवसांत त्याने हजेरी लावायची, नाही लावली तर तुमचं म्हणणं त्याला कबूल आहे असं धरून हुकूमनामा होतो. हजर झाला तर तुम्ही समन्स फॉर जजमेंट, म्हणजे निकालासाठीचं दुसरं समन्स बजावायचं, सोबत ॲफिडेव्हिट, की एवढी रक्कम येणं आहे आणि माझ्या मते याच्याकडे बचाव नाही. मग परत १० दिवसांत त्याने लीव्ह टू डिफेन्ड, म्हणजे तीच लढायची परवानगी मागायची. कागदावर पटकन संपणारं काम वाटतं, पण बेलिफ, म्हणजे समन्स बजावणारा कोर्टाचा माणूस जातो तेव्हा ऑफिसला कुलूप असतं, मग दुसऱ्या पत्त्यावर समन्स, मग त्याच्या वकिलाचा उशीर माफीचा अर्ज, आणि कारण पटलं तर कोर्ट माफ करतंही. सहा महिन्यांचा शब्द मी तरी कुणाला देणार नाही.

खरी लढाई त्या एका लीव्ह टू डिफेन्डच्या अर्जावर होते. सुप्रीम कोर्टाचा २०१६ चा हबटाऊनचा निकाल आहे, वकिलांना तो पाठ असतो, त्यात पायऱ्या लावून दिल्यात. बचाव भक्कम असेल तर विनाअट परवानगी. मुद्दा तपासण्यासारखा आहे पण हेतूबद्दल शंका येतेय, तर अटींवर, म्हणजे पैसे भरा किंवा सिक्युरिटी द्या वगैरे. बचाव ऐकायला बरा पण खरा वाटत नाही, तर पूर्ण मुद्दल आणि व्याजसुद्धा कोर्टात भरायला सांगता येतं. आणि बचावात काहीच दम नसेल तर परवानगी नाही, तिथेच हुकूमनामा. थोडी रक्कम त्याने कबूल केली असेल तर तेवढी भरल्याशिवाय परवानगी मिळतच नाही. २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाने परत सांगितलं की परवानगी देणं हा नियम आणि नाकारणं हा अपवाद, तेव्हा "आपल्याकडे कागद आहेत म्हणजे जिंकलोच" असं समजू नका. माझ्या मते तुमच्यासारख्या केसमध्ये पैसे भरायची अट पडली तरी ती जीत समजावी, कारण रक्कम कोर्टात भरायची वेळ आली की पार्टी तडजोडीला स्वतःहून येते, हे मी बऱ्याचदा पाहिलंय.

आता तुमची पार्टी काय म्हणेल ते आत्ताच सांगतो: माल खराब होता. सगळे हेच म्हणतात. म्हणून बघा की माल घेतल्यानंतर त्याने एक तरी तक्रारीचा मेल, डेबिट नोट, रिजेक्शन चलन पाठवलंय का. नसेल आणि तुमच्या बिलांवर त्याने जीएसटीचं क्रेडिटही घेतलं असेल तर त्याचा बचाव पोकळ पडतो, कारण वाजवी वेळेत नाकारला नाही तर माल स्वीकारला असंच कायदा मानतो. पण त्या व्हॉट्सॲपमध्ये "यावेळचे बॉक्स ओले आले होते राव" असा एखादा मेसेज असेल तर तो आधी वकिलाला दाखवा, लपवू नका, समोरचा तो प्रिंट काढून आणणारच आहे. चॅट वापरायचं तर नव्या साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं सर्टिफिकेट लागतं, तेही आताच बघून ठेवा.

दाव्यात मागणी फक्त कागदावर येणाऱ्या रकमेची ठेवा. मानसिक त्रासाचे ५० हजार, धंद्याच्या नुकसानीचे २ लाख असलं काही घुसवलं की समोरचा म्हणतो हा समरीत बसतच नाही, आणि पुढच्या तारखा त्यावरच जातात. ऑर्डर ३७ लेखी कराराच्या ठरलेल्या रकमेला, हुंडी, प्रॉमिसरी नोट, गॅरंटी अशांना लागू आहे. सही-शिक्क्याची चलनं आणि पीओ, म्हणजे पार्टीची खरेदी ऑर्डर, एकत्र जोडा, नुसतं तुमच्या टॅलीतलं लेजर पुरणार नाही. आणि वर्षअखेरीला पार्टीने सही करून दिलेलं बॅलन्स कन्फर्मेशन, म्हणजे एवढी बाकी आहे असं पत्र सापडलं तर सोन्याहून पिवळं.

अजून एक, हे बऱ्याच जणांचं राहतं. दोघं व्यापारी, मालाचा व्यवहार आणि रक्कम ३ लाखांच्या वर, म्हणजे तुमचं प्रकरण कमर्शियल कोर्टात जाणार. तिथे तातडीचा मनाई हुकूम वगैरे मागायचा नसेल तर दाव्याआधी मध्यस्थीचा अर्ज करणं सक्तीचं आहे, समरी सूट असली तरी. सुप्रीम कोर्टाने पाटील ऑटोमेशनच्या निकालात २० ऑगस्ट २०२२ पासून हे पक्कं केलं, त्यानंतर न करता टाकलेला दावा फेटाळला जातो. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात अर्ज करायचा, पार्टी आली नाही तर मध्यस्थी सुरूच झाली नाही असा नॉन-स्टार्टर रिपोर्ट मिळतो, तो घेऊन दावा टाकायचा. मध्यस्थीचा काळ मुदतीतून वगळतात. त्याच कोर्टात ऑर्डर १३-ए ची समरी जजमेंट पण असते, समोरच्याची जिंकण्याची खरीखुरी शक्यता नाही असं दाखवून मागायची, पण मूळ दावाच ऑर्डर ३७ खाली टाकला असेल तर ती मागता येत नाही. वकिलाला विचारा त्यांनी हे दोन्ही तोलून बघितलंय का.

मुदत ३ वर्षं. क्रेडिट ठरलेलं असेल तर ते संपल्यापासून, नाहीतर माल पोचल्यापासून, आणि शक्यतो प्रत्येक बिलाची वेगळी मोजा. मुदत संपायच्या आत त्याने सहीने बाकी कबूल केली असेल तर तिथून मीटर परत सुरू होतं, संपल्यावर केलेल्या कबुलीने ते होत नाही.

चेकचं तर अजून घाईचं आहे. बँकेकडून परत आल्याचं कळल्यापासून ३० दिवसांत नोटीस, नोटीस मिळाल्यावर त्याला १५ दिवस, मग एका महिन्यात तक्रार. चेक बाउन्सची ही कलम १३८ ची फौजदारी तक्रार आणि दिवाणी दावा दोन्ही एकत्र चालवता येतात, कुणी एकच निवडा म्हणालं तर ऐकू नका. उद्यम, म्हणजे लघुउद्योगाचं सरकारी रजिस्ट्रेशन माल देण्याआधीचं असेल तर लघुउद्योगांची थकलेली येणी बघणाऱ्या एमएसएमई फॅसिलिटेशन कौन्सिलचाही रस्ता आहे, तिथे बँक रेटच्या तिप्पट चक्रवाढ व्याज लागतं.

आणि हुकूमनामा मिळाला म्हणजे पैसे आले असं नाही हो, पुढे दरखास्त, म्हणजे हुकूमनाम्याची वसुली आहे. त्यासाठी पार्टीच्या चेकवरचा बँक खाते नंबर, गाळा कुणाच्या नावावर, मशीन कुणाला तारण, हे आत्तापासून काढून ठेवा, नंतर शोधायला गेलात तर सगळं बायकोच्या नावावर झालेलं असतं.

सगळ्यात जुन्या न भरलेल्या बिलाची तारीख आणि चेक रिटर्न मेमोची तारीख, एवढं दोन टाका इथे, बाकी काय मुदतीत बसतंय ते त्यावरून बघू.