साखर उतरेल या धास्तीनं चढलेली साखर

"मॅडम, साखर वाढली तर वाढू दे, पण उतरायला नको." पन्नाशी ओलांडलेले, मधुमेहासाठी इन्सुलिन घेणारे ते गृहस्थ खुर्चीत टेकताच म्हणाले. मी मधुमेहाच्या रुग्णांचं समुपदेशन करते; हे वाक्य मला नवीन नाही. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

चार महिन्यांपूर्वी पहाटे तीनला ते घामानं निथळत उठले होते. हात थरथरत होते, जीभ अडखळत होती. पत्नीनं मोजली तर रक्तातली साखर ४८ (मिलिग्रॅम प्रति डेसिलीटर). आदल्या संध्याकाळी चालणं नेहमीच्या दुप्पट झालेलं, रात्रीचं जेवण अर्धवट, इन्सुलिन मात्र रोजच्याइतकंच. कारण इतकं सरळ. पण ते उलगडून सांगायला कुणाला वेळ नव्हता. मग त्यांनीच उपाय शोधला: झोपताना भरपेट खायचं, मधूनच इन्सुलिन बुडवायचं. तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी HbA1c चाचणी साडेनऊ टक्क्यांवर गेली.

मी एक वही दिली. थरथरल्यासारखं वाटलं की आधी आकडा लिहायचा. दोन आठवड्यांत नऊ नोंदी, त्यात ७० च्या खाली, म्हणजे साखर खरंच कमी, फक्त दोन. बाकीच्या १३०, १५५, एकदा तर १८२. ते ओशाळले. "म्हणजे सगळे मनाचेच खेळ?"

नाही हो. साखर उतरली की शरीर ॲड्रेनलिन हे संप्रेरक सोडतं, आणि माणूस घाबरला तरी तेच. धडधड, घाम, थरथर दोन्हीकडे सारखी. शिवाय साखर बरेच दिवस चढी राहिली की शरीराला तिचीच सवय लागते. मग आकडा ठीक असतानाही ते बोंब मारतं. म्हणून मोजायचं. यंत्र हाताशी नसेल तर मात्र साखर कमीच आहे असं धरून चालावं.

खरी गोम त्या दोन नोंदींत होती. दोन्ही वेळा त्यांनी हाताला लागेल ते खाल्लं, आणि पुढं साखर २९०. खरं तर १५ ग्रॅम पुरते: तीन छोटे (चहाचे) चमचे साखर पाण्यात, किंवा अर्धा कप फळांचा रस. १५ मिनिटांनी पुन्हा मोजायचं, अजून ७० च्या खालीच असेल तर पुन्हा तेवढंच. चॉकलेट नको, त्यातल्या स्निग्धांशामुळे साखर रक्तात उशिरा पोचते. पाठ करायला सोपं. पण ती १५ मिनिटं! सगळं अंग "खा, खा" म्हणत असतं. आम्ही साखर ठीक असताना नुसतं घड्याळ लावून बसायचा सराव केला. पहिल्यांदा ते सहाव्या मिनिटाला उठले.

पत्नीशी मी वेगळं बोलले. शुद्ध हरपली तर तोंडात काहीही घालायचं नाही, कुशीवर वळवायचं, रुग्णवाहिका बोलवायची. इन्सुलिनचा डोस हा माझा प्रांत नव्हे. वही घेऊन डॉक्टरांकडे पाठवलं, त्यांनी रात्रीचा डोस उतरवला.

दोन महिन्यांनी वहीत एक नोंद दिसली: "पहाटे ३.१०, ६६. तीन चमचे. ३.२५, ९४. थोडं खाल्लं, झोपलो. हिला उठवलं नाही."

शेवटचं वाक्य मी त्यांना खोडायला लावलं. पुढच्या वेळी उठवायचं.