जुनी ब्रँडेड पर्स नफ्याने विकणे ही फसवणूक ठरते का?

आपण विचारले आहे की, ९,००० रुपयांना घेतलेली जुनी लुई व्हिटॉनची पर्स ऑनलाइन २५,००० रुपयांना विकली तर ती फसवणूक ठरते का, आणि आपली खरेदीची किंमत गिऱ्हाइकाला सांगितलीच पाहिजे का. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर सरळ आहे : नाही. सोलापूरच्या चाटी गल्लीतला कोणता दुकानदार साडीची खरेदी सांगतो? जुन्या मालाच्या नोंदणीकृत व्यापाऱ्याने खरेदीवर इनपुट क्रेडिट (खरेदीत भरलेल्या कराची वजावट) घेतले नसेल, तर सीजीएसटी म्हणजे केंद्रीय जीएसटीच्या नियम ३२(५) प्रमाणे खरेदी-विक्रीतील फरकावरच कर लागतो. म्हणजे असा फरक राहणार हे कायद्यानेही धरूनच चालले आहे. पहिला प्रश्न मात्र माझ्या जुन्या दुखण्यावर बोट ठेवणारा आहे.

मी सोलापुरात सहा वर्षे हाच व्यवसाय करते. जुळे सोलापुरात आमच्या शेजारी राहणाऱ्या एका निवृत्त मुख्याध्यापिकांनी, ज्यांना मी काकू म्हणते, एकदा मला लुई व्हिटॉनचीच 'स्पीडी ३०' नावाची पर्स दाखवली. अमेरिकेतल्या मुलाने आणलेली ती पर्स कपाटात पडून होती. "चार हजार येतील का गं?" असे त्यांनी विचारले. आतल्या चामडी पट्टीवर एसडी ३१४२ असा कोड होता, म्हणजे ती २०१२ सालच्या ३४ व्या आठवड्यात बनलेली (पहिला-तिसरा अंक आठवड्याचा, दुसरा-चौथा वर्षाचा). कोड नकली मालावरही छापतात, म्हणून मी शिलाई, चेन आणि हाताळून मधासारखे तपकिरी झालेले हँडलचे चामडे बारकाईने पाहिले. पर्स अस्सल होती. मी काकूंच्या हातावर ५,००० रुपये ठेवले, आणि १,००० जास्त दिल्याबद्दल मला स्वतःचे कौतुकही वाटले. पुढे आतला पेनाचा डाग आणि झिजलेला कोपरा फोटोत स्पष्ट दाखवून ती पर्स मी पुण्यातल्या एका बाईंना ३८,००० रुपयांना विकली. त्यांच्याशी मी पूर्ण प्रामाणिक होते, काकूंशी नव्हते.

काकूंना हे माझ्या थोरल्या भावाकडून कळले. त्याचे कापडाचे दुकान आहे. दिवाळीच्या फराळाला सर्वांसमोर तो म्हणाला, "तुझ्यात आणि बोहारणीत फरक काय?" ते मला फार लागले, कारण आमच्या आईचा शालू जुनी जरी घेणाऱ्याने वजनावर नेला, तेव्हा सर्वांत जास्त मीच रडले होते; त्या जरीत चांदी किती, हे त्या खोलीत फक्त त्या जरीवाल्यालाच कळत होते. पण भावाची तुलना चुकीची होती. बोहारीण भांडे समोर ठेवते आणि घरची बाई दोन साड्या कमी करून तेच भांडे मागू शकते. मी काकूंना घासाघीस करण्याइतकीही माहिती दिली नव्हती.

काकू भांडल्या नाहीत. त्यांनी शेंगा चटणी पाठवणे बंद केले. दोन महिन्यांनी मी १५,००० रुपये घेऊन गेले, ते त्यांनी शांतपणे मोजून घेतले आणि म्हणाल्या, "मला भाव माहीत नव्हता, हे तुला माहीत होते." चटणी पुन्हा येऊ लागली, पण डबा लहान झाला.

म्हणून आपल्या २५,००० रुपयांकडे मी पाहणार नाही, ९,००० रुपयांकडे पाहीन. विकणाऱ्याला चालू भाव ठाऊक होता का? आता मी तशाच पर्सचे अलीकडचे विक्रीचे भाव आधी दाखवते, आणि शक्यतो पर्स विकत न घेता मालकासाठी विकून देऊन २५ टक्के दलाली घेते. एवढे केल्यावर उरणारा नफा हा ओळखण्याच्या नजरेचा आणि अडकलेल्या पैशाचा मोबदला आहे, त्याची लाज बाळगू नये. मला नीती शिकवणारा माझा भाऊ बाहेरगावची चादर 'सोलापुरी' म्हणून विकतो, आणि सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन आहे, म्हणजे ते नाव तिथल्याच मालाला लावता येते, हे व्यापारी असून त्याला आठवत नाही. भाव न सांगण्यापेक्षा खोटे नाव सांगणे केव्हाही वाईट.

त्यावरून आठवले : 'मास्टर कॉपी', म्हणजे हुबेहूब नकली पर्स, अस्सल म्हणून विकणार असाल, तर वरचे काहीही आपल्यासाठी नाही, ट्रेडमार्क कायदा, १९९९ मध्ये त्यासाठी कैदेची तरतूद आहे. २०२१ पासून लुई व्हिटॉनने कोडऐवजी चिप वापरायला सुरुवात केली, तेव्हा कोड नाही एवढ्यावरून नवी पर्स नकली ठरवू नका. आणि ज्याने आपल्याला ती ९,००० ला दिली तो याच धंद्यातला असेल, तर त्याला भाव सांगत बसण्याची काहीच गरज नाही.