मुंबईत ४×५ एनलार्जर मिळालाय, पण निगेटिव्ह कॅरिअर नाही. कुठे मिळेल? की ऍक्रिलिकचं लेझरने कापून घेऊ?

(एनलार्जर म्हणजे निगेटिव्हवर उजेड टाकून मोठी प्रिंट काढायचं यंत्र. निगेटिव्ह कॅरिअर म्हणजे त्यात निगेटिव्ह सपाट धरणारी चौकट. ४×५ हे फिल्मचं इंचांतलं माप.) प्रश्नात 'ऍक्रिलिक' वाचलं आणि लिहायला बसलो. हा सल्ला तुम्हाला साधारण कोणत्या प्रकारच्या माणसाने दिला असेल, ते मी सांगू शकतो. मलाही तसाच मिळाला होता, त्याच ठामपणे.

आधी 'कुठे मिळेल' उरकून टाकतो. चोरबाजारात मटण स्ट्रीटला एनलार्जर दिसतात, कॅरिअर दिसत नाहीत. एनलार्जर ओळखू येतो म्हणून तो दुकानात येतो. कॅरिअर म्हणजे बघणाऱ्याला भोक पाडलेला पत्रा, तो ऍल्युमिनियमच्या भावाने वजनावर जातो. म्हणून एनलार्जर ज्याच्याकडून घेतलात त्याला विचारा की तो मुळात कुठल्या स्टुडिओतून किंवा छापखान्यातून आला. तिथलं टेबल किंवा ड्रॉवर अजून उचललेलं नसेल तर कॅरिअर त्यात असण्याची शक्यता सगळ्यात जास्त. बोरा बाजारातल्या कॅमेरेवाल्यांकडे 'कॅरिअर आहे का' असं विचारू नका, 'एनलार्जरच्या सुट्ट्या पत्र्यांचं खोकं बघू' म्हणा.

परदेशातून जुनं मागवायचं तर यंत्राचं नाव पक्कं माहीत हवं. ओमेगा डी२ आणि डी५ ची कॅरिअर एकमेकांना चालतात. बेसेलरच्या ४५ मालिकेतलीही आपापसात चालतात. पण ओमेगाचं बेसेलरला नाही आणि या दोन्हींचं डर्स्टला नाही. '४×५ चं आहे, बसेल' म्हणणाऱ्याला पैसे पाठवू नका. बाहेरची लांबी-रुंदी, एकूण जाडी आणि खालच्या बाजूला बसवायची कडी असेल तर तिचा व्यास, असे तीन आकडे व्हर्निअर कॅलिपरने मोजून मागा. नावपट्टी गेलेलं यंत्र असेल तर हा नाद सोडा आणि करून घ्या.

करण्यात अवघड काही नाही, फक्त मोजमाप कापण्याच्या आधी व्हायला हवं. हेड, म्हणजे बल्ब असलेला वरचा भाग, खाली आल्यावर किती उंचीची फट उरते ते पाहा. काही यंत्रांत हेड स्वतःच्या वजनाने कॅरिअरवर बसतं, तिथे जाडी थोडी इकडेतिकडे चालते. काहींत ठरावीक उंचीची खाच असते, तिथे अर्धा मिमीसुद्धा महाग पडतो. खाच मोजायला काचेचे तुकडे आणि झेरॉक्सचे कागद एकावर एक रचून आत सरकवा. अडेपर्यंत रचा, मग बाहेर काढून व्हर्निअर लावा.

मी ज्या यंत्रासाठी केलं त्याची खाच ८ मिमी होती आणि कंडेन्सर (बल्बचा उजेड निगेटिव्हवर गोळा करणारं भिंग) साडेसहा इंची, म्हणजे १६५ मिमी. हिशोब असा: खालची पट्टी १६ गेज ऍल्युमिनियम म्हणजे १.६ मिमी, काच २, फिल्म ०.१८, वरची काच २, वरची पट्टी १.६. एकूण ७.३८. उरलेल्या ०.६ मध्ये वरून फेल्टची चिकटपट्टी, म्हणजे उजेडही बाहेर सांडत नाही. खालची काच हलू नये म्हणून खालच्या पट्टीवर १४ गेजची आणखी एक चौकट, म्हणजे साधारण २.०३ मिमी. तिच्यात ११२×१३७ चं भोक, आणि त्या भोकात १११×१३६ ची काच. वरची काच मोठी, १३०×१५५, म्हणजे ती उचलताना बोटांना कडा मिळते.

कागदावर सगळं बरोबर होतं, पण प्रिंट मधोमध मऊ, म्हणजे धूसर आली. पुन्हा फोकस केलं तर मध्य कडक आणि कोपरे मऊ. वर न्यूटनच्या कड्या, म्हणजे फिल्म आणि काच अर्धवट टेकल्या की उमटणारी वलयं, त्याही दर एक्स्पोजरला जागा बदलणाऱ्या. लेन्स बदलली, बेसबोर्ड लेव्हल केला, दोन आरसे समोरासमोर ठेवून हेड सरळ केलं, तरी फरक नाही. शेवटी काच मोजली. फ्रेमवाल्याकडून '२ मिमी' म्हणून आणलेली काच १.८५ निघाली. म्हणजे भोवतीची चौकट काचेपेक्षा ०.१८ ने उंच. फिल्मची जाडीही नेमकी ०.१८. वरच्या काचेचा दाब फिल्मवर पडतच नव्हता, ती चौकटीवर बसली होती, आणि फिल्म मधल्या पोकळीत बिनदाबाची पडली होती. दोन काचा असूनही मी बिनकाचेचंच कॅरिअर वापरत होतो म्हणा ना.

यावरचा इलाज फुकटातला. खालच्या काचेखाली चारही कडांना झेरॉक्स कागदाच्या ५ मिमी रुंद पट्ट्या, तीन थर. ८० ग्रॅमचा कागद साधारण ०.१ मिमी, म्हणजे काच ०.३ ने उचलली गेली आणि चौकटीच्या ०.१२ वर आली. आता दाब फिल्मवर पडतो. या पट्ट्या खालच्या पत्र्यातल्या, उजेड जायच्या भोकाच्या आत डोकावता कामा नयेत, नाहीतर प्रिंटच्या कडेला त्यांची सावली येते. म्हणून काच आधी आणा, मोजा आणि मग चौकटीचा पत्रा ठरवा. मी उलट केलं होतं.

पत्रा कीका स्ट्रीटवर मिळतो. मोठ्या कातरीवर कापलेला तुकडा घेऊ नका, कडेला बाक येतो. जाड काचेवर ठेवून एकेक कोपरा दाबा. टकटक वाजला तर परत करा. भोक पाडायला चारही कोपऱ्यांत ड्रिल करून त्यांच्यामध्ये फ्रेटसॉ चालवा, शेवटचा १ मिमी कानशीने. ४×५ फिल्म प्रत्यक्षात सुमारे १००×१२५ मिमी असते, म्हणून पूर्ण चित्र हवं असेल तर भोक ९६×१२१. चारही बाजूंना २ मिमी धरायला उरतात. भोकाच्या कडा खालच्या बाजूने ४५ अंशांत तिरक्या घासा, नाहीतर पत्र्याची उभी चकचकीत कड प्रिंटच्या काठावर उजेड मारते. ९६×१२१ चा कर्ण साडे-१५४ मिमी येतो, म्हणजे १६५ च्या कंडेन्सरमध्ये दोन्ही बाजूंना जेमतेम ५ मिमी. भोक ३-४ मिमी जरी सरकलं तरी एक कोपरा मावळायला लागतो, कारण कंडेन्सरची अगदी कड कधीच धड उजेड देत नाही.

काळा रंग म्हणून फळ्याचा रंग लावू नका. काचेच्या कडेखाली तो सुटतो आणि त्याचीच धूळ निगेटिव्हवर बसते. ब्लॅक ऍनोडायझिंग करून घ्या, पण आधी कॉस्टिक सोड्यात मॅट करायला सांगा, नाहीतर काळा पण चकचकीत पत्रा हातात येतो. बिजागरीही नको. बिजागरीची दांडी फिल्मच्या पातळीत नसेल तर वरची पट्टी मागून आधी चावते आणि बंद होताना फिल्म पुढे ढकलते. त्यापेक्षा खालच्या पट्टीत ३ मिमीच्या दोन खुंट्या आणि वरच्या पट्टीत साडेतीनची भोकं.

आता काचेबद्दल. आमच्या डार्करूममध्ये एक ज्येष्ठ होते. त्यांचं म्हणणं असं की काच वापरणारा आळशी, खरा प्रिंटर बिनकाचेच्या कॅरिअरवर काम करतो. काचेविना धुळीला दोन पृष्ठभाग, काचेसह सहा, हे त्यांचं गणित. गणित बरोबर आहे, निष्कर्ष चुकीचा. ३५ मिमीला बिनकाचेचं चालतं कारण फिल्मचा तुकडा एवढासा असतो. ४×५ वर १५० वॅटचा बल्ब पडला की मिनिटाभरात मधला भाग अर्धा-एक मिमी सहज उचलतो. ४ पट मोठं करताना, लेन्सचं छिद्र एफ ११ ला ठेवून, एका बिंदूचा प्रिंटवर ०.२ मिमीचा धूसर ठिपका झालेला चालवून घेतला तर निगेटिव्हच्या जागी मागेपुढे मिळून साधारण १.४ मिमीची सूट मिळते. ठिपका ०.१ मागितला की निम्मी. त्यात हेडचा तिरपेपणा आणि तुमच्या डोळ्याची चूकही मावायला हवी. मग फिल्मच्या उचलण्याला उरतं किती? धुळीचा पांढरा ठिपका ब्रशने पाच मिनिटांत भरता येतो. मऊ पडलेला मध्य कशाने भरणार?

'खालची काच लेन्सच्या वाटेत येते, शार्पनेस जातो' हाही त्यांचाच मुद्दा. २ मिमी काचेमुळे फोकस जाडीच्या साधारण एक तृतीयांशाने, म्हणजे पाऊण मिमीपेक्षा कमी सरकतं. सगळीकडे सारखंच सरकतं, आणि फोकस आपण काच बसवल्यावरच करतो. विषय संपला.

न्यूटनच्या कड्या मात्र खऱ्या आहेत आणि जुलैत तर छळतात. त्या फिल्मच्या गुळगुळीत पाठीकडे येतात, इमल्शनकडे (चित्राचा जिलेटिनचा थर असतो त्या बाजूला) सहसा नाही. म्हणून अँटी-न्यूटन काच फक्त वर, खरबरीत बाजू फिल्मकडे. खाली साधी स्वच्छ काच. अँटी-न्यूटन नाही मिळाली तर फ्रेमवाल्याकडची नॉन-ग्लेअर काच चालते, पण प्रत्येक नाही. कोणती बाजू खरबरीत ते ओल्या बोटाने कळतं, पाणी लागताच ती बाजू पारदर्शक होते. मग निगेटिव्ह न लावता, हार्ड ग्रेडच्या (जास्त कॉन्ट्रास्टच्या) कागदावर, लेन्स एफ १६ ला ठेवून एक सपाट करडी प्रिंट काढा. त्यात दाणे दिसले तर काच परत करा. पावसाळ्यात निगेटिव्ह सिलिका जेलच्या डब्यातून काढून लगेच लावा, आणि रात्रभर काचांमध्ये दाबून ठेवू नका. दमट जिलेटिन खालच्या काचेला चिकटतं, आणि सोडवताना इमल्शन काचेवरच राहू शकतं.

आणि ते ऍक्रिलिक. उजेड ते काचेइतकाच सोडतं, हे मान्य. पण पुसलं की स्थिर विजेने धूळ ओढतं, पुसता पुसता चरे पडतात, आणि वरून बल्बची उष्णता लागली की एका बाजूने तापून वाकतं. फिल्म सपाट ठेवायला बसवलेली वस्तू स्वतःच वाकत असेल तर ती कशाला बसवायची? ज्यांनी मला तो सल्ला दिला त्यांनी स्वतः एकही ४×५ प्रिंट ऍक्रिलिकमधून काढली नव्हती, हे मला नंतर कळलं. एमडीएफ आणि माऊंट बोर्डचंही तेच, पहिल्या पावसात फुगतात. भोकाचं माप तपासायला माऊंट बोर्डचा नमुना कापा, कापाच, पण त्यावर थांबू नका.

काही राहिलेलं. तुमच्याकडे कोणाच्या जुन्या स्टुडिओतल्या काचेच्या निगेटिव्ह असतील तर वरचं सगळं त्यांना लागू नाही. त्या दोन काचांमध्ये कधीच दाबू नका. जुन्या प्लेट सपाट नसतात, तडकतात. क्वार्टर प्लेट, म्हणजे ८३×१०८, साध्या चौकटीवर फेल्ट लावून इमल्शन खाली करून ठेवा, वर काही नको. हाफ प्लेटचा कर्ण २०० मिमीच्या वर जातो, ती या कंडेन्सरमध्ये मावणारच नाही. तिची कॉन्टॅक्ट प्रिंट काढा, म्हणजे थेट कागदावर ठेवून त्याच मापाची.

आणि हो, तुमची प्रिंट ११×१४ च्या पुढे जाणार नसेल तर फक्त वरची काच ठेवून खालची, तिच्या भोवतीच्या चौकटीसकट, काढून टाका. इमल्शन खाली असताना फिल्म बहुतेक वेळा वरच्या दिशेने फुगते आणि काच ती अडवते. पृष्ठभाग सहाचे चार होतात. त्या ज्येष्ठांना मी तेव्हा एवढं तरी कबूल करायला हवं होतं. चौकटीसाठी, म्हणजे जिथून उजेड जात नाही त्या भागासाठी, आणि तेही तुमच्या यंत्रात थंड एलईडी हेड असेल तरच, काळं ऍक्रिलिक चालेल. कडा मात्र काळ्या करा, कापलेली कड चमकते. लेझरवाल्याला फाईल देण्याआधी खाचेची उंची दोनदा मोजा.