आधी डॉपलरचा रिपोर्ट, मग लेसर की आरएफ

तुमच्या प्रश्नाचा गाभा असा: आईंच्या डाव्या पायाच्या शिरा बरीच वर्षं फुगलेल्या आहेत, आता घोट्याच्या आतल्या बाजूला कातडी काळवंडून खाज सुटते. एका डॉक्टरांनी लेसर सुचवलं, दुसऱ्यांनी आरएफ (रेडिओफ्रीक्वेन्सी लहरींच्या उष्णतेने शीर बंद करणं), तिसऱ्यांनी ग्लू (शीर आतून चिकटवून टाकणारा पदार्थ). घरात वाद चाललाय, आणि आईंचा प्रश्न वेगळाच आहे: शीर बंद केली तर रक्त वर जाणार कुठून?

माझ्या एका पायावर लेसर झालंय आणि काही वर्षांनी दुसऱ्यावर आरएफ. मी डॉक्टर नाही, पण या विषयात बरंच वाचलंय, बऱ्याच जणांना सोबत केली आहे.

आधी आईंच्या प्रश्नाचं बघू, कारण तोच खरा प्रश्न आहे. पायातलं बहुतेक रक्त, साधारण नव्वद टक्के, स्नायूंच्या आत असलेल्या खोल शिरांमधून वर जातं. कातडीखालच्या वरवरच्या शिरांचा वाटा लहान असतो. त्यातली मोठी सॅफेनस शीर घोट्याच्या आतल्या बाजूने निघून मांडीतून जांघेपर्यंत जाते आणि तिथे खोल शिरेला मिळते. तिच्यातल्या झडपा निकामी झाल्या की वर गेलेलं रक्त उभं राहिल्यावर पुन्हा खाली उतरतं आणि घोट्याशी दाब साठत राहतो. म्हणजे आत्ता ती शीर रक्त वर नेण्याचं काम करतच नाही, उलट भार वाढवते. ती बंद केली की रक्त चांगल्या शिरांकडे वळतं. बंद झालेली शीर काही महिन्यांत आक्रसून दोरीसारखी होते आणि पुढे सोनोग्राफीत शोधूनही सापडत नाही.

पण हे सगळं खोल शिरा मोकळ्या असतील तरच. पूर्वी कधी खोल शिरेत गुठळी झाली असेल आणि वाट अरुंद झाली असेल, तर वरच्या शिरा कदाचित तिचाच पर्यायी रस्ता झालेल्या असतात. म्हणून तीन डॉक्टरांची तीन मशीन ताडून बघण्याआधी डॉपलरचा, म्हणजे शिरांतला रक्तप्रवाह दाखवणाऱ्या सोनोग्राफीचा, रिपोर्ट हातात घ्या. तपासणी आईंना उभं करून झाली होती का, हे विचारा. झोपवून केलेल्या तपासणीत झडपांची गळती नीट कळत नाही. रिपोर्टमध्ये गळती कुठून कुठपर्यंत आहे, किती वेळ टिकते (वरच्या शिरांमध्ये अर्ध्या सेकंदाहून जास्त असली तर ती दोष मानतात), शिरेची जाडी किती आणि खोल शिरा कशा आहेत, एवढं असायला हवं. नुसतं ‘व्हेरिकोज व्हेन्स आहेत’ असा एका ओळीचा रिपोर्ट असेल तर तपासणी पुन्हा करून घ्या. माझ्या मते मशीनच्या निवडीपेक्षा याने जास्त फरक पडतो. गळती एका शिरेत आणि उपचार भलत्याच शिरेवर, असं झालं तर कुठलंही मशीन उपयोगाचं नाही.

आता लेसर आणि आरएफ. दोन्हींत सुरुवात सारखीच. गुडघ्याच्या आसपास किंवा थोडं खाली सुई टोचून, सोनोग्राफीवर बघत कॅथेटर (बारीक नळी) किंवा लेसरचा फायबर (प्रकाश नेणारी बारीक तार) शिरेत सरकवतात. टोक जांघेतल्या जोडापासून साधारण दोन सेंटीमीटर अलीकडे थांबवतात, म्हणजे उष्णता खोल शिरेला लागत नाही. मग शिरेभोवती सलाइनमध्ये मिसळलेलं भुलीचं पातळ औषध जागोजागी टोचतात. ते दुखणं थांबवतं, आजूबाजूच्या कातडीला आणि मज्जातंतूंना उष्णतेपासून वाचवतं आणि शिरेला बाहेरून दाबून तिची भिंत उष्णतेच्या टोकाला चिकटवतं. खरं सांगायचं तर त्रास होतो तो याच टोचण्यांचा. नंतर शीर जाळतात तेव्हा काहीच कळत नाही.

आरएफमध्ये नेहमी वापरतात त्या कॅथेटरचा सात सेंटीमीटरचा भाग १२० अंश सेल्सिअसपर्यंत तापतो. एकेक तुकडा वीस सेकंद तापवत ते खाली ओढत आणतात. लेसरमध्ये फायबर सावकाश, सलग ओढतात. जुने ८१० किंवा ९८० नॅनोमीटरचे लेसर नंतर जास्त दुखवायचे आणि काळेनिळे डागही जास्त पाडायचे. हल्लीच्या १४७० नॅनोमीटरच्या लेसरची ऊर्जा शिरेच्या भिंतीतलं पाणी शोषून घेतं आणि त्याच्या फायबरच्या टोकातून प्रकाश चहूबाजूंनी पडतो, त्यामुळे आरएफशी फारसा फरक राहिलेला नाही. शीर बंद होण्याचं प्रमाणही दोन्हींत जवळपास सारखं. ज्या डॉक्टरांचा ज्यावर हात बसलाय, ते घ्या.

ग्लूला अमेरिकेत २०१५ साली मान्यता मिळाली. त्यात उष्णता नाही, म्हणून त्या टोचण्याही नाहीत. पण तो पदार्थ शरीरातच राहतो आणि काहींना शिरेच्या रेषेवर लाली, खाज, सूज येते. आईंना चिकटपट्टीची किंवा नखांना लावायच्या चिकट पदार्थांची अ‍ॅलर्जी असेल तर आधी सांगा.

घाई आहे का, असंही तुम्ही विचारलंय. कातडी काळवंडली म्हणजे प्रकरण दिसण्यापुरतं राहिलेलं नाही, याच्या पुढची पायरी चिघळणारी जखम. ब्रिटनमध्ये अशाच जखमा असलेल्या ४५० जणांवर अभ्यास झाला, तो २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. पट्टी बांधण्याबरोबर शिरेवर लवकर उपचार केले त्यांच्यात निम्म्या लोकांची जखम ५६ दिवसांत भरली, उपचार लांबवले त्यांच्यात ८२ दिवसांत. आईंना जखम झालेली नाही ही चांगली गोष्ट, पण ती होईपर्यंत थांबायचं कशाला?

उपचार झाल्यावर लगेच चालायला सांगतात आणि चालायचंच. साधारण आठवड्याने मांडीच्या आतून दोरी खेचल्यासारखी ओढ लागते, गुडघा सरळ केला की जास्त. अनेक जण तेव्हा घाबरतात, पण ती बंद झालेली शीर आक्रसत असते. गुडघ्याखाली एखादा पट्टा बधिर राहू शकतो, कारण तिथे मज्जातंतू शिरेला चिकटून जातो. बहुतेकांचा तो हळूहळू जातो. मात्र पोटरी अचानक सुजून ताठ झाली, छातीत दुखलं किंवा धाप लागली, तर फोनवर विचारत बसू नका, सरळ हॉस्पिटल गाठा. खोल शिरेत गुठळी क्वचितच होते, पण होते. म्हणूनच पहिल्या काही दिवसांत पुन्हा सोनोग्राफी आहे का, हे आधीच विचारून ठेवा.

आणखी एक. मुख्य शीर बंद झाली तरी वर दिसणारे गुंतवळे लगेच जात नाहीत. काही आपोआप बसतात, बाकीचे दोन-तीन मिलिमीटरच्या छेदांतून काढतात किंवा फोमचं (औषधाच्या फेसाचं) इंजेक्शन देऊन बंद करतात. हे त्याच वेळी करणार की नंतर, हे ठरवून घ्या, नाहीतर महिन्याभराने आई म्हणतील की काही फरकच पडला नाही. काही वर्षांनी दुसऱ्या एखाद्या शिरेत गळती सुरू होऊ शकते. शरीराची तेवढी खोड राहतेच.

नंतर स्टॉकिंग्ज (पायावर दाब देणारे घट्ट लांब मोजे) किती दिवस घालायचे यावर डॉक्टरांचंही एकमत नाही, तुमचे सांगतील ते करा. आईंना मधुमेह असेल किंवा चालताना पोटऱ्या भरून येत असतील, तर आधी पायाच्या धमन्या तपासून घ्या. धमन्यांतला रक्तपुरवठा कमी असेल तर घट्ट स्टॉकिंग्जने नुकसान होतं. सकाळी अंथरुणातून उठण्याआधीच घालायचे, रबरी हातमोजे घालून वर सरकवले की चढतात लवकर आणि नखं लागून फाटतही नाहीत.