चिनी स्टुडंट्सना ‘फोकस’ शिकवताना

अरे इंग्रजीच्या पहिल्याच क्लासला फोकस, कॉन्सन्ट्रेट, अटेंशन सगळं एकदम नको ओतूस, मीपण हेच केलं होतं आणि पोरं नुसती मान डोलवत बसली. खरी गोची शब्दांच्या अर्थामध्ये नाहीये, ती ‘ऑन’ आणि ‘टू’मध्ये आहे. चिनीत ‘जूयी’ला (म्हणजे लक्ष देणं) थेट कर्म लागतं, मधे काही नाही, म्हणून ते बिनधास्त ‘पे अटेंशन द टीचर’ म्हणतात. तिथे ‘टू’ हवाच, आणि फोकस नि कॉन्सन्ट्रेटला ‘ऑन’. आपलं ‘सरांकडे लक्ष दे’मधलं ‘कडे’ आठव, तसंच.

लक्ष उडणं मात्र मस्त शिकवता येतं. त्यांच्याकडे ‘झोउशन’ म्हणतात, म्हणजे चित्त चालतं झालं, त्यावरून ‘माय माइंड वॉन्डर्ड’ पटकन डोक्यात बसतं. ‘झोन आउट’ नंतर दे, ते जरा बोलीतलं आहे.

आणि मेन्शियस या जुन्या चिनी तत्त्वज्ञाची गोष्ट त्यांना शाळेपासून माहीत असते, वेईची (सोंगट्यांचा पटावरचा खेळ, ‘गो’) शिकणारे दोन शिष्य, एक गुरूचं मन लावून ऐकतो, दुसऱ्याच्या डोक्यात येणारा हंस आणि त्याला मारायचा बाण! तीच इंग्रजीत सांगायला लाव, ‘अॅब्सॉर्ब्ड इन’ आणि ‘डिस्ट्रॅक्टेड बाय’ दोन्ही आपोआप येतात, वेगळी यादी करावी लागत नाही.