मायक्रोसॉफ्ट ॲक्सेसची डेटाबेस फाइल २ जीबीच्या जवळ आली आहे, स्कॅन केलेली कागदपत्रं कुठे ठेवावीत?

तुम्ही लिहिलंय की पतसंस्थेच्या कर्जप्रकरणांचे सातबारे, जामीनदारांची कागदपत्रं सगळं ॲटॅचमेंट फील्डमध्ये (टेबलाच्या नोंदीतच फाइल साठवणाऱ्या रकान्यात) चढवता, फाइल १.८ जीबी झाली आहे आणि ‘कॉम्पॅक्ट अँड रिपेअर’ करूनही ती कमी होत नाही. सगळ्यात आधी सगळ्यांना बाहेर पडायला सांगून फाइलची एक प्रत दुसऱ्या डिस्कवर घ्या, आणि आजपासून नवे स्कॅन चढवणं बंद करा.

कॉम्पॅक्ट केल्यावर मोकळी होते ती खोडलेल्या नोंदींची आणि तात्पुरत्या कामाची जागा. तुमचे स्कॅन तर खरोखरच आत आहेत. जेपीजी मुळातच दाबलेली असते, ॲक्सेस ती आणखी दाबू शकत नाही. २ जीबीची मर्यादा ॲक्सेस २००० पासून तशीच आहे आणि ती कुठल्याही सेटिंगने वाढत नाही. मर्यादा गाठली की ‘इनव्हॅलिड आर्ग्युमेंट’सारखा मोघम संदेश येतो आणि माणूस उगाच क्वेरीत चूक शोधत बसतो.

माझं स्पष्ट मत आहे की स्कॅन सर्व्हरवरच्या फोल्डरमध्ये ठेवावेत आणि टेबलात फक्त त्यांचा पत्ता. पत्ताही पूर्ण लिहू नका. ‘कर्ज\२०२४\१०४५_सातबारा.जेपीजी’ एवढाच ठेवा आणि मूळ फोल्डर एका सेटिंग टेबलात एकदाच लिहा. उद्या सर्व्हर बदलला तर एकच ओळ बदलावी लागेल. ‘झेड:’सारखं ड्राइव्हचं अक्षर टाळा, कारण प्रत्येक संगणकावर ते वेगळं असू शकतं.

आतले स्कॅन हातानं काढत बसायची गरज नाही. ॲटॅचमेंट फील्डची ‘व्हॅल्यू’ हाच एक छोटा रेकॉर्डसेट, म्हणजे नोंदींचा संच असतो. व्हीबीएमध्ये (ॲक्सेसमधल्या प्रोग्रामिंगच्या भाषेत) त्यावर लूप फिरवून ‘फाइलडेटा’ला (त्यातल्या फाइलच्या मजकुराला) ‘सेव्हटूफाइल’ ही डिस्कवर उतरवण्याची आज्ञा लावा. इथे एक अडचण हमखास येते. स्कॅनर ‘स्कॅन०००१’ अशी नावं देतो, ती वेगवेगळ्या प्रकरणांत पुन्हा पुन्हा येतात, आणि त्या नावाची फाइल आधीच असेल तर सेव्हटूफाइल अडतं. म्हणून नाव मूळ फाइलवरून घेऊ नका. कर्ज क्रमांक आणि कागदाचा प्रकार यांवरून तुम्हीच द्या. एकाच प्रकाराचे दोन कागद असतील तर पुढे अनुक्रमांक जोडा. बाहेर आलेल्या फाइलींची संख्या जुळवा, दहावीस उघडून बघा, मगच ते फील्ड काढून कॉम्पॅक्ट करा. तेव्हा आकार खरोखर उतरेल.

स्कॅनसाठी दुसरी ॲक्सेस फाइल करून ती लिंक करायची, असं काही जण सुचवतात. तिलाही तीच २ जीबीची मर्यादा आहे, शिवाय दोन फाइलींमधल्या टेबलांत ‘रेफरेन्शियल इंटेग्रिटी’ (एका टेबलातली नोंद दुसऱ्यातल्या खऱ्या नोंदीशीच जोडलेली राहील हा नियम) लागू होत नाही. कर्जाच्या नोंदींसाठी मी हे कधीच करणार नाही.

फोल्डरवर लिहिण्याचा आणि खोडण्याचा अधिकार कोणाला, हे आधीच ठरवा. लोकांचे आधार आणि जमिनीचे कागद आहेत ते. बॅकअपही फाइल आणि फोल्डर दोन्हींचा एकाच वेळी घ्या.

पुढे एसक्यूएल सर्व्हर एक्स्प्रेस या मायक्रोसॉफ्टच्या मोफत डेटाबेस सर्व्हरकडे जायचा विचार असेल (२०२२ च्या आवृत्तीत डेटाबेसमागे १० जीबी मिळतात), तर तिथे ॲटॅचमेंट फील्डच नाही. म्हणजे स्कॅन बाहेर काढायचं हे काम तेव्हाही करावंच लागलं असतं.